'पेनिसिलिन चालत नाही' म्हणणारा पेशंट: दुसऱ्या गटाचं औषध, सेफॅझोलिन, की आधी अ‍ॅलर्जीचीच उलटतपासणी?

"मला ती सुई चालत न्हाई साहेब, मागं रिअ‍ॅक्शन झाल्ती." एवढं ऐकलं की सिस्टर लाल पेनने केस पेपरवर 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' लिहितात. पुढे कोणी काही विचारत नाही. रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरने मग काय निवडायचं?

समजा, केज तालुक्यातली साठीची मावशी आहे. कापूस वेचताना पायाला काटा लागला. आता पोटरीपर्यंत लाली, सूज आणि ताप.

सगळ्यात सोपं वाटतं ते गटच बदलणं: व्हॅन्कोमायसिन, क्लिंडामायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन. लिहिणाऱ्याला शांत झोप लागते, किंमत मावशी मोजते. व्हॅन्कोमायसिनचा एक ग्रॅम किमान तासभर संथ सोडावा लागतो. घाई झाली की अंग लालबुंद होतं, खाज सुटते आणि केस पेपरवर आणखी एक 'अ‍ॅलर्जी' चढते. किडनीसाठी क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावं लागतं ते वेगळंच. शिवाय जंतू साधा स्टॅफ (नेहमीच्या औषधांना दबणारा) निघाला, तर व्हॅन्कोमायसिन सेफॅझोलिनपेक्षा कमजोर. क्लिंडामायसिनने चिवट जुलाब लागू शकतात. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीला अर्धवट दाबून निदान लांबवतं. आपल्या भागात हा धोका नुसता कागदावरचा नाही.

दुसरी वाट सेफॅलोस्पोरिनची, म्हणजे 'सेफ' गटाची; सेफॅझोलिन त्यातलंच. 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी म्हणजे दहात एकाला सेफही चालत नाही' हे आपण पाठ केलं, पण तो आकडा जुना. खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांतही आता सुमारे 2 टक्के धरतात, आणि तेही औषधागणिक बदलतं. घोळ होतो तो औषधाच्या रेणूला असलेल्या बाजूच्या फांदीमुळे (साइड चेन). सेफॅलेक्सिन आणि सेफॅड्रॉक्सिलची फांदी अ‍ॅम्पिसिलिन-अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिनांसारखी, म्हणून तिथे जपून. सेफॅझोलिनची फांदी कुणाशीच जुळत नाही. मावशीच्या पायाला तेच चांगलं. (त्वचेत टोचून पाहायच्या 'टेस्ट डोस'वर मात्र विसंबू नका. तो निगेटिव्ह आला म्हणजे पुढचा डोस निर्धोक, असं नाही.)

तिसरी वाट सगळ्यात कमी वापरली जाते: मावशीला विचारणं. कधी झालं? काय झालं? त्यावर काही द्यावं लागलं का? पेन-फास्ट नावाची मोजपट्टी यावरच बेतलेली आहे. पाच वर्षांच्या आत घडलं असेल तर 2 गुण. घसा-ओठ सुजले, शॉक आला किंवा कातडीची गंभीर रिअ‍ॅक्शन झाली तर 2. उपचार करावे लागले तर 1. बेरीज 3 पेक्षा कमी असेल, तर खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आत.

उत्तरंही मासलेवाईक येतात. सुई टोचल्यावर भोवळ आली. जुलाब झाले. आईला चालत नव्हती म्हणून मलाही नको. कधी औषध पेनिसिलिन नसतंच, सल्फाची गोळी असते. खरोखर गांधी उठल्या असल्या तरी दहा वर्षांत दहातल्या आठांची अ‍ॅलर्जी ओसरते.

गुण कमी असतील तर ताप उतरल्यावर अमॉक्सिसिलिनचा 250 किंवा 500 मिलिग्रॅमचा एकच डोस तोंडाने द्यायचा आणि तासभर नजरेखाली ठेवायचं. अ‍ॅड्रेनालिन (जीवघेण्या रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन) उशाशी हवं, मोठ्यांना 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. ग्रामीण रुग्णालयात एवढं जमतं. एकटी सिस्टर आणि तीस खाटा असतील, तर त्या रात्री नको.

माझा कल स्पष्ट आहे: आज सेफॅझोलिन, घरी सोडण्याआधी अमॉक्सिसिलिन. पण अंगावर फोड येऊन कातडी सोलली होती, तोंड-डोळे आले होते, औषधानंतर रक्तपेशी फुटल्या होत्या किंवा किडनीला सूज आली होती, तर तपासणी नाही, सेफही नाही. तिथे पहिली वाटच बरोबर. नुकताच धाप लागून शॉक आला असेल, तर तोंडावाटे तपासणी नाहीच, थेट मेडिकल कॉलेजला पाठवा. गरोदर बाईला सिफिलिस असेल तर पेनिसिलिनला पर्यायच नाही. तिथे थेंबाथेंबाने डोस वाढवत शरीराला सवय लावतात, आणि ती सवय औषध थांबलं की मोडते.

ऑगमेंटिन आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ही पेनिसिलिनच आहेत, हे नाव वाचून ध्यानात येत नाही. मावशीने मागे कधी ती घेऊन पचवली असतील, तर अर्धं उत्तर जुन्या पिशवीतल्या चिठ्ठ्यांतच मिळतं. डोस पचला की डिस्चार्ज कार्डवर मराठीत लिहून द्या: 'अमॉक्सिसिलिन दिलं, त्रास झाला नाही', खाली तारीख. आणि केस पेपरवरची ती लाल ओळ स्वतःच्या हाताने खोडा.