एम१ एअर देऊन एम४ एअर घ्यावा का?

२०२० च्या नोव्हेंबरात आलेला एम१ मॅकबुक एअर (एम१, एम४ ही अ‍ॅपलच्या चिपची नावं) अजूनही इतका ठणठणीत चालतो की तो बदलायचा तर कारण शोधावं लागतं. भारतात तो ९२,९०० रुपयांपासून आला होता. २०२५ च्या मार्चमध्ये एम४ एअर ९९,९०० पासून आला, आणि तोही ८ ऐवजी १६ जीबी रॅम घेऊन. पहिल्यांदाच मॅक घेणाऱ्याला यात फारसा विचार करायला नको. घरात एम१ आधीच असेल तर मात्र आधी एकच गोष्ट बघा: तो ८ जीबीचा आहे की १६ चा. निम्मा निकाल तिथेच लागतो.

८ जीबीचा असेल तर तो खरंच कमी पडतोय का, हे दुकानदाराला विचारू नका, लॅपटॉपलाच विचारा. नेहमीचं सगळं काम उघडं ठेवा, म्हणजे क्रोमचे टॅब, एक्सेल, व्हॉट्सअ‍ॅप, मीटिंग, जे काय असेल ते. मग अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर (कोण किती मेमरी खातंय हे दाखवणारा मॅकमधलाच प्रोग्रॅम) उघडून मेमरीच्या टॅबवर या. खाली मेमरी प्रेशरचा आलेख दिसतो आणि शेजारी 'स्वॅप यूज्ड'चा आकडा, म्हणजे रॅममध्ये न मावल्याने डिस्कवर ठेवलेला डेटा. आलेख हिरवा आणि स्वॅप एक-दोन जीबी असेल तर तुमचं व्यवस्थित भागतंय. आलेख तासन्‌तास पिवळा आणि स्वॅप चार-पाच जीबीच्या वर असेल, तर प्रोसेसर नव्हे, रॅम अडतेय. रॅममध्ये न मावलेलं सगळं एसएसडीवर, म्हणजे आतल्या डिस्कवर जातं, म्हणून टॅब बदलताना तो क्षणभर अडखळतो. त्यात २५६ जीबीची डिस्क काठोकाठ भरलेली असली की स्वॅपलाही जागा उरत नाही आणि 'अ‍ॅप्लिकेशन मेमरी संपली' अशी खिडकी येते. तीस-चाळीस जीबी मोकळे करून आधी बघा. बऱ्याच जणांचा खर्च तिथेच टळतो. रॅम मात्र नंतर वाढवता येत नाही, ती चिपसोबतच बसवलेली असते. गल्लीतल्या दुकानात 'करून देतो' म्हणाले तरी त्या फंदात पडू नका.

वेगाचं काय? गीकबेंच ६ या वेग मोजणाऱ्या चाचणीत एम१ च्या एका कोरचा (प्रोसेसरच्या एका भागाचा) आकडा साधारण २,३५० आणि एम४ चा ३,७०० च्या आसपास. सगळे कोर मिळून ८,५०० च्या जवळपास विरुद्ध १४,५०० च्या वर. फरक दणदणीत आहे, पण तो जाणवतो कुठे? अ‍ॅप बनवायच्या एक्सकोडमध्ये मोठा प्रोजेक्ट बिल्ड करताना, लाइटरूममध्ये शेकडो रॉ फोटो एक्सपोर्ट करताना, कोडिंगवाल्यांचं डॉकर चालवताना. चिप ताकदवान असली तरी मेल, वर्ड आणि यूट्यूब त्याच वेगाने उघडतात. शिवाय दोन्हींत पंखा नाही. सलग पंधरा-वीस मिनिटं पूर्ण भार टाकला की एम४ तापतो आणि वेग खाली आणतो. रोज तासभर व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने एअरमध्ये पैसे घालूच नयेत, पंखा असलेला प्रो बघावा.

बॅटरीसाठी बदलत असाल तर जरा थांबा. अ‍ॅपलचा दावा दोन्हींसाठी एकच आहे: वेब वापरताना १५ तास, व्हिडिओ बघताना १८. नवा जास्त टिकतो असं वाटतं, कारण त्याची बॅटरी नवी असते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये बॅटरी, मग बॅटरी हेल्थशेजारचं 'आय' दाबलं की मॅक्झिमम कपॅसिटी दिसते. ती ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल किंवा सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली तो आकडा) हजाराला टेकला असेल तर अधिकृत सेंटरमधून बॅटरी बदलून घ्या. नव्या लॅपटॉपपुढे तो खर्च किरकोळ. मात्र टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगत असेल किंवा ट्रॅकपॅड एका बाजूला नीट दबत नसेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग टक्केवारी बघत बसू नका. चार्जिंग बंद करा आणि लगेच दाखवा.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते मॉनिटरवाल्यांचे. एम१ एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो, बस्स. दोन एचडीएमआय असलेला स्वस्त हब घेतला तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येतं, कारण अशा हबला लागणारी एमएसटीची, म्हणजे एकाच केबलमधून दोन वेगळी चित्रं पाठवायची सोय मॅकओएस देत नाही. दोष हबचा नसतो, तरी शिव्या त्यालाच बसतात. डिस्प्लेलिंकच्या (सॉफ्टवेअरच्या मदतीने चित्र पाठवणाऱ्या) अडॅप्टरने दुसरा पडदा मिळतो, पण त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि काही ओटीटीचे व्हिडिओ काळे पडतात. एम३ ला दोन मॉनिटर चालतात, पण झाकण बंद ठेवून. एम४ झाकण उघडं ठेवून ६के पर्यंतचे दोन चालवतो. तिथेही दोन मॉनिटर म्हणजे दोन वेगळ्या केबल, नाहीतर थंडरबोल्ट डॉक (वेगवान केबलवर चालणारा महागडा हब). तो दोन एचडीएमआयवाला हब इथेही एकच चित्र दाखवणार.

पोर्टचा फायदा जाहिरातीत दिसत नाही. दोन्हीकडे यूएसबी-सी दोनच, तेही डाव्या बाजूला. पण एम१ वर एक चार्जर खातो, एक मॉनिटर, मग पेन ड्राइव्हला जागा कुठे? एम४ चार्जिंग मॅगसेफवर, म्हणजे चुंबकाने चिकटणाऱ्या वेगळ्या पोर्टवर घेतो, त्यामुळे दोन्ही पोर्ट मोकळे राहतात. कॅमेरा ७२०पी वरून १२ मेगापिक्सेलवर गेलाय. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मीटिंगला बसणाऱ्याला फरक लगेच दिसेल. स्क्रीनचा उजेड ४०० वरून ५०० निट्स, आकार १३.३ वरून १३.६ इंच, वजन ५० ग्रॅम कमी. एवढ्यासाठी कोणी लाख रुपये मोजू नयेत. रिफ्रेश रेट तर अजून ६० हर्ट्झच, या किमतीत ही चक्क कंजुषी.

विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर एम१ वर अडत असेल तर एम४ वरही अडेल. मॅकवर विंडोज टाकून देणारं बूटकॅम्प दोन्हींत नाही.

तेव्हा १६ जीबीचा एम१ आणि एकच मॉनिटर असेल तर बॅटरी बदला आणि निवांत वापरा. ८ जीबीचा, आलेख पिवळा आणि रोज कोडिंग किंवा फोटोचं काम असेल तर एम४ घ्या. मधला मार्ग म्हणून जुना एम२ स्वस्तात मिळतो, पण ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी डिस्कचा टाळा. त्यात स्टोरेजची एकच चिप असल्याने एसएसडी एम१ पेक्षाही जवळपास निम्म्या वेगाने वाचते, आणि रॅम कमी पडून स्वॅप वाढला की नेमकं तेच नडतं.

एम४ घेताना २५६ जीबीची डिस्क ५१२ ची करायला अ‍ॅपलने २०,००० रुपये जास्त लावले. फोटो आणि जुन्या फाइली बाहेरच्या एसएसडीवर ठेवायची तयारी असेल तर २५६ पुरतं. विद्यार्थी किंवा शिक्षक असाल तर शैक्षणिक दर विचाराच, तो ८९,९०० पासून होता.

जुना एक्सचेंजला देण्याआधी मॅकमधल्याच टाइम मशीनने बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि मायग्रेशन असिस्टंट या मॅकमधल्याच प्रोग्रॅमने नव्यावर सगळं आणा. वायफायवर रात्र जाईल, थंडरबोल्ट केबलने काम लवकर उरकतं. नव्यावर फाइली उघडून खात्री झाली की जुन्यावर सेटिंग्जमध्ये जनरल, ट्रान्सफर ऑर रीसेट, मग 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. त्यात अ‍ॅपल अकाउंटचा पासवर्ड मागेल, तो द्या. नुसत्या फाइली डिलीट करून दिलात तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (लॅपटॉप तुमच्याच खात्याला बांधून ठेवणारं कुलूप) तसाच राहतो आणि घेणाऱ्याचे फोन सुरू होतात.