एल्डन रिंग: काही महिन्यांच्या भटकंतीनंतर

एल्डन रिंग या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की गाडी लगेच बॉसवर, म्हणजे मोठ्या, अवघड शत्रूंवर जाते. अमका किती अवघड, तमक्यासाठी कुठलं शस्त्र घ्यावं, सध्या कुठला बिल्ड (शस्त्रं आणि कौशल्यांची जुळणी) भारी चालतो. मी हा गेम बरेच महिने खेळते आहे. मूळ कथा संपली, शॅडो ऑफ द एर्डट्री हे एक्स्पान्शन (नंतर आलेला जोडभाग) संपलं, आणि आता वेगळं पात्र घेऊन पुन्हा सुरुवात केली आहे. एवढ्या वापरानंतर बॉसबद्दल लिहावंसं मला फारसं वाटत नाही. लिहायचं आहे ते दोन लढायांच्या मधे जे घडतं त्याबद्दल. ॲक्शन आरपीजीतली (लढत लढत आपलं पात्र वाढवत नेण्याच्या गेमप्रकारातली) भटकंती आणि कोडी म्हणजे हाणामारीतून मिळणारा विसावा, असं बरेच जण धरून चालतात. माझा अनुभव वेगळा आहे. पात्राची लेव्हल रून्स (गेममधलं चलन) खर्चून वाढते, खेळणाऱ्याची लेव्हल भटकंतीत वाढते, आणि अडलेली लढाई बहुतेक वेळा या दुसऱ्या लेव्हलमुळे सुटते.

गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. फ्रॉमसॉफ्टवेअरचा, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. इतकी माहिती सगळ्यांनाच आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

लिउर्निया नावाचा एक पाणथळ प्रदेश आहे. त्याच्या मध्यावर राया लुकारिया ही जादूची अकादमी. कथेच्या ओघात तुम्ही तिच्या दक्षिण दरवाजाशी पोचता आणि तो जादूच्या शिक्क्याने बंद असतो. किल्ली लागते, इतकंच कळतं. कुठे आहे, कोण देईल, काही नाही. पडद्यावर बाण नाही, यादीत ‘किल्ली शोधा’ अशी ओळ नाही. शिक्क्याजवळ मात्र एक प्रेत पडलेलं असतं आणि त्याच्याजवळ एक नकाशा असतो. तो आपल्या सामानात जातो. उघडला तर हाताने काढलेलं चित्र दिसतं: पाणी, अकादमीचा डोंगर, आणि एक खूण.

इथे मी बराच वेळ थांबले. एकीकडे ते चित्र, दुसरीकडे गेमचा मोठा नकाशा. कुठला काठ कुठल्या काठाशी जुळतो, डोंगर कुठल्या बाजूला आहे, हे डोळ्यांनी ताडून बघायचं. जुळलं तेव्हा खूण अकादमीच्या पश्चिमेला, पाण्यातल्या एका लहानशा बेटावर आली. घोड्यावरून तिकडे गेलं की कळतं की किल्ली एका झोपलेल्या ड्रॅगनच्या मागे आहे. स्माराग त्याचं नाव. आता लढायचं, वाकून चोरपावलांनी जायचं, की घोडा भरधाव सोडून किल्ली उचलून पळायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. तिन्ही चालतं.

कोडं म्हणून हे काही फार कठीण नाही. पण त्यात जे झालं ते बघा. दरवाजाने प्रश्न विचारला, जागेनेच पुरावा दिला, उत्तर मी माझ्या नजरेने काढलं, आणि शेवटची पायरी पुन्हा ॲक्शनची होती. कोडं, भटकंती आणि धोका हे तीन वेगळे कप्पे उरलेच नाहीत. हाच दरवाजा नकाशावरच्या पिवळ्या बाणाने उघडला असता तर किल्ली तीच मिळाली असती, आणि आज मला त्यातलं काहीही आठवलं नसतं.

असं हळूहळू साठत जातं. एखाद्या प्रदेशाचा नकाशा अजून मिळालेला नसला, तरी धुरकट पडद्यावर एका छोट्या स्तंभाची खूण दिसते, नकाशाचा तुकडा तिथेच असतो. नकाशा मिळाला की त्यावर चित्रं असतात. पडकं चर्च दिसलं तर तिथे बहुधा सेक्रेड टिअर मिळणार, म्हणजे औषधाच्या बाटलीची ताकद वाढणार. डोंगराच्या कडेला लालसर वर्तुळ असेल तर खाण आहे, म्हणजे शस्त्र मजबूत करायचे दगड. रस्त्याकडेला सोनेरी उजेडाचं रोपटं दिसलं तर गोल्डन सीड, आणि पुरेशी बियाणी जमली की बाटलीचे घोट वाढतात, जास्तीत जास्त १४ पर्यंत. यातलं काही मोठ्या अक्षरांत कुणी शिकवत नाही. दोन-तीन चर्चं पाहिल्यावर आपणच ओळखतो, आणि मग नकाशा बघायची नजरच बदलते.

मार्गिट या सुरुवातीच्या बॉसचं उदाहरण तर प्रत्येक नव्या खेळाडूने ऐकावं. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर तो उभा असतो आणि बहुतेक लोक तिथे डोकं आपटत बसतात. पण लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या मर्कवॉटर गुहेत पॅचेस नावाचा एक लबाड माणूस आहे. तो हरल्यावर हात जोडतो, तेव्हा त्याला सोडून दिलं तर नंतर तो तिथेच दुकान मांडतो. त्याच्याकडे ५,००० रून्सना मार्गिटची बेडी मिळते. लढाईच्या पहिल्या टप्प्यात ती मार्गिटला दोनदा जमिनीला खिळवून ठेवते. आणि हेही नको असेल, तर किल्ल्याच्या कडेने जाणारी एक पायवाट तुम्हाला मार्गिटला आणि अख्ख्या किल्ल्याला वळसा घालून थेट लिउर्नियात नेते. लढाई अडली की त्याच दारात पुन्हापुन्हा मरण्यापेक्षा घोडा वळवून निघून जाणं हा या गेममध्ये पळपुटेपणा ठरत नाही, तो गेम खेळायचा रीतसर मार्ग आहे. मला या एका गोष्टीसाठी हा गेम मनापासून आवडतो.

धोकाही याच भटकंतीत हवा. लिमग्रेव्हमध्ये ॲघील तलावाजवळ जळके अवशेष आहेत. तिथल्या तळघरातली पेटी उघडली की धूर येतो आणि तुम्ही केलिड या कितीतरी धोकादायक प्रदेशातल्या एका खाणीत जाऊन पडता. तिथली पिल्लावळसुद्धा सुरुवातीच्या पात्राला एका फटक्यात लोळवते, आणि बाहेर पडेपर्यंत फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून एका झटक्यात दुसरीकडे जाणं) चालत नाही. याला अन्याय म्हणणारे लोक आहेत. मला वाटतं की प्रत्येक पेटीत बक्षीसच असेल तर पेटी उघडणं म्हणजे नुसतं बटण दाबणं. शिवाय खाणीतून रांगत बाहेर आल्यावर तो लाल, सडलेला मुलूख पहिल्यांदा दिसतो तेव्हा जग किती मोठं आहे ते कळतं. मिस्टवूडच्या जंगलातली, सिओफ्रा या भूमिगत नदीकडे नेणारी लिफ्टही तशीच. ती खाली जात राहते, जात राहते, आणि जमिनीच्या पोटात चांदण्यांनी भरलेलं आकाश लागतं.

आता कोडी. इथे मी गेमला सरसकट पैकीच्या पैकी गुण देणार नाही. जादूगारांचे जे बंद मनोरे आहेत, त्यांतल्या काहींच्या दाराशी ‘तीन शहाणी जनावरं शोध’ असा मजकूर असतो. ही जनावरं म्हणजे आसपास लपलेली चमकणारी कासवं. पहिल्यांदा मजा येते. दुसऱ्या मनोऱ्याशी तोच मजकूर वाचल्यावर कोडं उरत नाही, फक्त कासवं हुडकायचं काम उरतं. चित्रांची कोडी मला त्यापेक्षा कितीतरी सरस वाटतात. एका पडक्या घरात निसर्गचित्र टांगलेलं असतं. ते चित्र जिथे बसून काढलं ती जागा खऱ्या जगात शोधायची. डोंगराची कड, मनोऱ्याचा कोन, झाडाची बाजू, सगळं जुळलं की तिथे चित्रकाराची छाया बसलेली दिसते आणि बक्षीस मिळतं. बक्षीस मी विसरले, ती कड विसरले नाही. कॅरियन स्टडी हॉलमधली उलटी मूर्ती ही दुसरी कमाल. आधी पायऱ्या चढत पाहिलेली इमारत मूर्ती ठेवल्यावर अख्खी उलटी होते, आणि छतावरून, झुंबरांवरून उतरत तुम्ही अशा टोकाशी पोचता जिथे आधी जाताच येत नव्हतं. इमारत आधी नीट पाहिली असेल तरच वाट सापडते.

याच काळात इतरही गेम हाताखालून गेले, त्यामुळे तुलना आपोआप झाली. स्कायरिममध्ये सोनेरी पंजाचं दार आहे: अस्वल, पतंग, घुबड अशी तीन चक्रं फिरवायची, आणि उत्तर पंजाच्या तळव्यावरच कोरलेलं. पंजा उलटून बघायची कल्पना पहिल्यांदा सुचते तेव्हा खरंच छान वाटतं. पण पुढे तशीच दारं येत राहतात आणि युक्तीही तीच. एकदा कळलेलं पुढे कशातच वाढत नाही. याउलट ड्रॅगन्स डॉग्मा २ मधली स्फिंक्स एका कोड्यात तुम्हाला तुमचं पहिलं सीकर्स टोकन (जगात लपवलेलं नाणं) जिथे सापडलं तिथे परत जायला सांगते. प्रत्येकाची जागा वेगळी, त्यामुळे दुसऱ्याचं उत्तर चालत नाही. तुमची स्वतःची भटकंतीच प्रश्नपत्रिका होते. इतकं नेमकं कोडं मी दुसऱ्या कुठल्या ॲक्शन आरपीजीत पाहिलेलं नाही.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड काटेकोरपणे आरपीजी नाही, तरी त्याचं नाव घ्यावंच लागेल. त्यात १२० श्राइन्स (कोड्यांची छोटी मंदिरं) आहेत आणि कोडं व लढाई दोन्हींना नियम एकच. धातूतून वीज वाहते, म्हणून तुटलेल्या सर्किटमध्ये लोखंडी तलवार ठेवली तरी दार उघडतं. बाहेर वादळात तीच तलवार पाठीवर असेल तर वीज तुमच्यावर पडते, आणि शत्रूच्या पायाशी फेकली तर शत्रूवर. कोड्यात शिकलेलं पाच मिनिटांत लढाईत उपयोगी पडतं. एल्डन रिंगमध्ये ही सोय कमी आहे. तिथे जागा वाचायला शिकता येतं, वस्तूंशी खेळता येत नाही.

एका गाजलेल्या गेमचं नाव मुद्दाम घेत नाही, पण त्यातला साथीदार मी कोड्याच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर ‘ते चाक फिरवून बघ’ म्हणून मोकळा व्हायचा. मला चिडचिड व्हायची. खोलीकडे बघायला वेळच मिळत नसेल तर ती खोली बनवली कशाला? सूचना द्यायलाच हव्यात, सगळ्यांना तितका वेळ किंवा तितकी नजर नसते, पण त्या मागितल्यावर मिळाव्यात.

एल्डन रिंगच्या तक्रारी आहेतच. जमिनीखालचे कॅटॅकोम्ब्स (थडग्यांची भुयारं) फार एकसारखे आहेत. तोच दगड, तीच तरफ, तेच दार, आणि बॉसही पुन्हापुन्हा तेच. लेंडेल या राजधानीच्या गटारांतल्या कॅटॅकोम्बमध्ये याच सारखेपणाचं कोडं केलं आहे: आपण त्याच खोल्यांत गोल फिरतोय असं वाटतं, पण त्या वेगळ्या असतात आणि बारीक फरक पकडावे लागतात. असे प्रयोग आणखी हवे होते. साइड क्वेस्ट्सचा प्रश्न त्याहून मोठा. एखादं पात्र पुढे कुठे भेटेल याचा धागा इतका बारीक असतो की केवळ भटकून तो सापडणं कठीण. तिथे मी सरळ विकी उघडते आणि कुणी उघडला तर त्याला दोष देणार नाही. नव्या प्रदेशात पहिली फेरी मात्र विकीशिवाय मारा. ती फेरी एकदाच मिळते.

२१ जून २०२४ ला आलेलं एक्स्पान्शन या बाबतीत सगळ्यात धीट आहे. त्यात शिरायला आधी रादान आणि मोग हे दोन बॉस हरवावे लागतात, म्हणजे पात्र आधीच तगडं असतं. तरी आत गेल्यावर मार बसतो, कारण तिथली ताकद मुख्यतः स्कॅड्युट्रीच्या तुकड्यांवर, म्हणजे शोधून गोळा करायच्या एका खास वस्तूवर ठरते. एकूण ५० तुकडे, २० पायऱ्या, आणि ते जगभर विखुरलेले. काही मिकेला या पात्राने मागे ठेवलेल्या क्रॉसजवळ, काही अशा कोपऱ्यांत जिथे मुख्य रस्ता जातच नाही. भटकंती आणि ताकद यांची इतकी उघड गाठ दुसरीकडे क्वचितच बांधलेली दिसते. ज्यांना फक्त बॉस हवेत त्यांना हे जाचक वाटतं, आणि शेवटी दोन-चार तुकड्यांसाठी रिकामी माळरानं पालथी घालावी लागतात, तेव्हा मलाही जाचक वाटलं. तरी निवड करायची झाली तर मी याच बाजूने उभी राहीन.

दुसऱ्या पात्राने खेळताना काय उरतं? किल्ली कुठे आहे ते माहीत असतं, पेटीत काय आहे तेही. तो पहिला कुतूहलाचा भाग गेला, आणि तो परत आणायचा उपाय नाही. त्याऐवजी दुसरं काहीतरी हाताशी येतं. या वेळी जादूगार घेतल्यामुळे मला काय हवं आहे आणि ते कुठे आहे हे मी खेळ सुरू करतानाच ठरवू शकते. अगदी सुरुवातीचं पात्र घेऊन मी थेट लिउर्नियात जादूची काठी आणायला जाते आणि वाटेत कुणाशी लढत नाही. सध्या मार्गिट जिवंत आहे, मी त्याच्या मागच्या बाजूला आहे, आणि स्मारागच्या शेपटीजवळून किल्ली उचलून झाली आहे.