सहाध्यायांच्या ऑनलाइन टिप्पण्या : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

पदवीच्या मराठी निबंधलेखनाच्या वर्गात विद्यार्थी एकमेकांचे मसुदे वेबपानावर वाचतात आणि हवे ते शब्द निवडून समासात अभिप्राय लिहितात. त्यासाठी मी एक विनामूल्य साधन वापरते. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने सर्व अभिप्राय वाचून आपले प्रास्ताविक नव्याने लिहिले आणि त्याच पानावर चढवले, तेव्हा त्या भागावरच्या साऱ्या टिप्पण्या मजकुरापासून सुटून एका वेगळ्या यादीत गेल्या. ज्या टिप्पण्यांमुळे लेखन सुधारले नेमक्या त्याच निराधार व्हाव्यात, याचा मला फार संताप आला.

अशा साधनांत टिप्पणीबरोबर निवडलेले शब्द आणि त्यांच्या मागचापुढचा थोडा मजकूर साठवला जातो. वेबचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१७ साली संमत केलेल्या वेब-टिप्पण्यांच्या मानकातही ही पद्धत आहे. एखादी वेलांटी सुधारली तर टिप्पणी आपली जागा बहुधा शोधून काढते, पण वाक्यच बदलले तर शोधायला काही उरत नाही. गूगल डॉक्समध्येही मूळ मजकूर पुसला की टिप्पणी समासातून जाते, मात्र तेथे जुनी आवृत्ती उघडून पाहता येते.

प्रत्येक मसुद्याला स्वतंत्र पान देऊ लागल्यापासून माझा राग बराच निवळला. पहिला मसुदा टिप्पण्यांसह जसाच्या तसा राहतो, दुसरा शेजारी उघडता येतो आणि कोणत्या अभिप्रायाने कोणते वाक्य बदलले हे लेखकाला प्रत्यक्ष दिसते. शब्दांवर बोट ठेवावे लागत असल्यामुळे ‘छान लिहिले आहेस’ एवढ्यावर कोणाला सुटता येत नाही. ‘शिक्षणाची दुरवस्था’ या शब्दांवर एकाने लिहिले होते, ‘शिक्षक कमी आहेत की वर्गखोल्या, हे कळत नाही, तुझ्या शाळेचे एक उदाहरण दिलेस तर पटेल.’ इतका नेमका अभिप्राय मला कागदी वह्यांच्या अदलाबदलीत क्वचितच मिळाला. पहिल्या फेरीत ऱ्हस्व-दीर्घावर टिप्पणी करायची नाही, असा नियम मात्र करावा लागला, अन्यथा मुले आशयापर्यंत पोहोचतच नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील पीडीएफ तर घेऊच नये, कारण निवडलेल्या मराठी शब्दांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात.

पैसे भरून दुसरे साधन घ्या, असे मी महाविद्यालयाला सांगणार नाही. तरीही टिप्पणी केली त्या क्षणीचा परिच्छेद साधनाने स्वतःच जपून ठेवावा, ही मागणी मी सोडलेली नाही. मसुद्यागणिक नवी पाने तयार करण्याचे काम शिक्षकाच्या माथी का असावे?