पितळी चमच्यांना पावडर कोटिंग : सहाशे नगांनंतरचा अनुभव

मरळ मासा गरीनं धरायला आमिष म्हणून लागणारे, पाण्यात लखलखणारे पितळेचे चमचे मी घरीच ठोकतो. भंडारा पितळी भांड्यांचं गाव, त्यामुळं तिथं पत्र्याची कात्रण किलोवर मिळते. दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा, पाच सेंटिमीटर लांबीचं पान, सागाच्या ओंडक्यातल्या खळग्यात ठोकून आणलेलं पोट आणि दोन्ही टोकांना भोक. वजन नऊ-दहा ग्रॅम. ठोकायचं काम आवडीचं आहे, त्याचा कधी कंटाळा आला नाही. खरा त्रास रंगाचा होता. पावसाची पहिली झड येऊन गेली की बोडीचं, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याचं, पाणी चहासारखं होतं, त्यात नुसतं पितळ मासोळीला दिसत नाही. केशरी किंवा पोपटी पाठ लागतेच. आजूबाजूच्या चार गावांतले गरी खेळणारे पोट्टे माझ्याकडूनच चमचे नेतात, म्हणून दर हंगामाला दोनेकशे नग रंगवावे लागतात.

चार वर्षं ऑइल पेंट वापरला, एक वर्ष स्प्रेचे डबे. ऑइल पेंटमध्ये एकेका चमच्याला पाचदा हात लावावा लागायचा: पुसणं, प्रायमर, पांढरा, वरचा रंग, शेवटी क्लिअर, म्हणजे बिनरंगी चकाकीचा थर. मध्ये प्रत्येक वेळी रात्रभर वाळवण. स्प्रे लवकर वाळतो म्हणून घेतला, तर नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, तो चमच्यावर पोचायच्या आधीच हवेत वाळायचा आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरबरीत व्हायचा. श्रावणातल्या दमट हवेत त्याच डब्यातलं क्लिअर दुधाळ पडायचं. एवढं करून मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) पाळीवरच्या दगडांवर चमचा चार वेळा आपटला की रंगाचा पापुद्रा निघालाच. भाचा एकदा माझ्यासमोर तळहात उघडून म्हणाला, "मामा, रंग पान्यात राह्यला, पितळच वापस आलं." फार वाईट वाटलं होतं त्या दिवशी.

मागच्या मार्चमध्ये नागपुरात खिडक्यांच्या ग्रिलला पावडर कोटिंग करणारं एक वर्कशॉप बघितलं आणि तिथूनच सुटी पावडर विकणाऱ्या दुकानाचा पत्ता घेतला. पांढरी एक किलो, केशरी आणि पोपटी अर्धा-अर्धा किलो. सोबत जुना ओटीजी ओव्हन. तेव्हापासून सहाशेच्या वर चमचे आणि काही शिशाचे जिग (शिशाचं वजन ओतलेले गळ) या पावडरीनं रंगवले. पांढरीचा पाऊण डबा अजून शिल्लक आहे.

ही पावडर म्हणजे कोरडा रंग. यात थिनर नाही, वाळायची वाट बघणं नाही. तापलेल्या धातूवर पडली की वितळून चिकटते आणि ओव्हनमध्ये भाजली की कडक होते. माझ्या पाकिटावर २०० अंशांना दहा मिनिटं लिहिलंय. पण ही दहा मिनिटं धातू २०० अंशांना पोचल्यानंतर मोजायची, ओव्हनचं बटण फिरवल्यापासून नव्हे. सुरुवातीला हेच मला कळलं नव्हतं.

पहिल्यांदा मी सगळे करतात तसंच केलं. डब्याच्या मध्यावर फिल्टर पेपर ताणून बसवला, खालून फिशटँकच्या पंपाची हवा सोडली, की वरची पावडर दुधासारखी हलकी उकळते. गरम चमचा तिच्यात सेकंदभर बुडवून काढायचा. रंग सुरेख बसतो, पण शंभर नगांचं काम म्हटलं की अडचण येते. ओव्हनमधून आठ चमचे काढले तर सहावा हातात येईपर्यंत तो थंड झालेला असतो. पातळ पितळ उष्णता धरत नाही, मग पावडर चिकटतच नाही. याउलट चमचा जास्त तापवला तर थर जाड बसतो, खाली ओघळ येतो आणि भोक बुजतं. शिशाचे जिग जाड असतात, ते पंधरा-वीस एकदम काढले तरी चालतात, म्हणून त्यांच्यासाठी हवेचा डबाच उत्तम. शिवाय शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळं २०० अंशांच्या ओव्हनमध्ये त्याची काळजी नाही.

चमच्यांसाठी मात्र मी डबा बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरातून चहाची एक जुनी गाळणी मागून घेतली. ही रीत मला सगळ्यात जमली, म्हणून सविस्तर सांगतो. स्टीलच्या जाळीवर पंचवीस चमचे पाठ वर करून मांडायचे. मधलं अंतर बोटभर, एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. जाळीसकट ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं. बाहेर काढून जाळी दोन विटांवर टेकवायची, खाली वर्तमानपत्र. गाळणीत दोन चमचे पांढरी पावडर घेऊन वितभर उंचीवरून, रांगोळी टाकतो तशी, बोटानं हलकी टकटक करत पंचवीसही चमच्यांवरून फिरायचं. अर्ध्या मिनिटात काम होतं. पावडर आधी पिठासारखी मॅट दिसते, मग कडेकडेनं चमकायला लागते. ती चमक सगळ्यांवर आली की जाळी तशीच परत आत, तीन मिनिटं. परत बाहेर, वरून केशरी, आणि आता पूर्ण भाजणी. खाली वर्तमानपत्रावर पडलेली पावडर, एकाच रंगाची असेल तर, चाळून परत डब्यात. चमच्याची आतली बाजू उघडी पितळाची राहते, आणि पाण्यात फिरताना लखलख तिथूनच येते. टेप लावणं नाही, सोलणं नाही. मांडल्यापासून गार होईपर्यंत एकाही चमच्याला हात लागत नाही. सकाळी चहानंतर बसलो तर जेवणाच्या वेळेपर्यंत शंभर नग होतात.

खाली पांढरा थर चुकवू नका. माझी केशरी आणि पोपटी पावडर भडक आहे, पण पारदर्शी. पितळावर थेट टाकली की केशरी विटकरी दिसते आणि पोपटी शेवाळासारखी. पांढऱ्यावर दोन्ही खुलतात. खवल्यांची नक्षी हवी असेल तर पांढरा थर गार होऊ द्यायचा, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून कोरडी पावडर हलक्या हातानं चाळायची आणि तुकडा सरळ वर उचलायचा. जमतं, पण दर नगामागं वेळ जातो, म्हणून मी ती फक्त मागणी असेल तर करतो.

धुणं मात्र मनापासून करावं लागतं. चमचे रात्रभर चिंचेच्या कोळात, सकाळी भांड्याचा साबण, मग ३२० नंबरच्या पॉलिश कागदानं पाठ घासून स्वच्छ पाण्यात. त्यानंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही. बोटाचं तेल लागलं तिथं पावडर सरकते आणि माशीच्या डोळ्याएवढे खड्डे पडतात.

आता तक्रारी. पहिल्या वेळी दुकानदारानं पॉलिएस्टर सांगून इपॉक्सी पावडर दिली. इपॉक्सी चिवट असते, पण उन्हात टिकत नाही. दोन महिन्यांत तिच्यावर खडूसारखी भुकटी आली. उन्हात वापरायच्या वस्तूला पॉलिएस्टरच लागते, आणि पाकिटावर तसं छापलेलं असल्याशिवाय घेऊ नका. सुटी तर नकोच. दुसरं, डाग देऊन गळ जोडलेले तीस नग मी तसेच ओव्हनमध्ये घातले. साधं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांपासूनच वितळायला लागतं. दार उघडलं तर गळ खाली आणि चमचे वर. तेव्हापासून गळ आणि कड्या रंगानंतरच. आणि तिसरी अडचण आपल्या गावची, म्हणजे वीज. भाजणीच्या सातव्या मिनिटाला लाइट गेली तर चमचा वरून अगदी तयार दिसतो, पण आतून कच्चा असतो आणि दगडावर टवके उडतात. थिनरचं फडकं दहा-बारा वेळा घासून बघायचं. फडक्याला रंग आला तर परत भाजायचं. परत भाजल्यानं काही बिघडत नाही, मी एक खेप तीनदा भाजली आहे.

घरात लहान लेकरं असतील तर हे नक्की वाचा. या ओव्हनमध्ये पुन्हा खायची वस्तू ठेवायची नाही, कधीच नाही. ती गाळणीही स्वयंपाकघरात परत जात नाही. माझा ओव्हन गोठ्याशेजारच्या खोलीत आहे. पावडर चाळताना तोंडाला मास्क आणि जवळ चूल, दिवा, विडी काही नाही; हवेत उडालेली बारीक पावडर पेट घेते. शिशाचं काम झालं की हात साबणानं धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाला लावायचे नाहीत.

टिकाऊपणाचं विचाराल तर ऑगस्टपासून माझ्या स्वतःच्या पेटीत एक केशरी चमचा आहे. पाळीवरच्या दगडांवर तो कितीदा आपटला याची गणती नाही. टोकाला, भोकाच्या काठाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा रंग गेलाय. बाकी पाठ शाबूत. त्याच्यावर मरळीच्या दातांचे ओरखडे आहेत, तेही वरवरचे. (पिलांचा गोळा सांभाळणारी मरळ दिसली की मी गरी गुंडाळतो, चमचा कितीही चांगला असो.)

चमच्यावर काढायच्या माशाच्या डोळ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. खिळ्याचं डोकं पिवळ्या ऑइल पेंटमध्ये बुडवून ठिपका देतो, मध्ये रिफिलच्या टोकानं काळा. चकचकीत पावडरीवर तो नीट धरत नाही, चार-पाच मासोळ्यांनंतर निघून जातो. पुढच्या खेपेला काळी पावडर पाव किलो आणणार आहे. गरम चमच्यावर काडीच्या टोकानं ठेवून बघतो.

पावडर, ओव्हन, पंप आणि जाळी धरून सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत गेला. वर्षाला दहा-वीस चमचेच करत असाल तर एवढं घेऊ नका, ऑइल पेंटच बरा. शंभराच्या वर जात असाल तर घ्या, आणि पहिली खेप उन्हाळा संपायच्या आत, लाइट टिकते त्या वेळी काढा.