चार महिने, सव्वीस रात्री: बर्फातल्या मोटरहोमचा अनुभव

ऑक्टोबरात आम्ही जुनी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं राहतं घर, घेतली. फियाट डुकाटो व्हॅनच्या चासीवर बांधलेली, सात मीटरला जराशी कमी, आठ वर्षं वापरलेली. आम्ही राहतो त्या म्युनिकहून आल्प्स दीड-दोन तासांवर, लेकाला स्कीइंगचं वेड लागलेलं, आणि सुट्ट्यांतले हॉटेलचे भाव बघून नवऱ्याने लॅपटॉप मिटलेला. नोव्हेंबरअखेर ते मार्चअखेर मिळून सव्वीस रात्री गाडीत काढल्या. बऱ्याचशा ऑस्ट्रियातल्या टायरोलमध्ये, एरवाल्ड आणि लेंगेनफेल्डला, आणि पाच रात्री ब्रेनर खिंड ओलांडून इटलीत, डोलोमाइट्स डोंगरांतल्या टोब्लाखला. सगळ्यात थंड रात्र उणे सोळाची.

"थंडी नाही वाजली?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. नाही वाजली. बाहेर उणे बारा असताना आत बावीस होते आणि लेक बनियनवर हुंदडत होता. आम्हाला जो काही छळ सोसावा लागला तो सगळा पाण्याचा. कधी ते गोठलं, कधी टाकीतून पळालं, कधी वाफ होऊन गादीत जाऊन बसलं. घ्यायचा विचार करत असाल तर हीटर किती किलोवॅटचा हे नंतर विचारा, आधी पाण्याच्या टाक्या कुठे आहेत ते खाली वाकून बघा.

आम्ही वाकलो नाही. विकणारा म्हणाला, "हिवाळ्यात चालते," आम्ही मान डोलावली. आता कळतं की या 'चालते'चे प्रकार आहेत. मोटरहोमसाठी ईएन १६४६ नावाचं युरोपीय मानक आहे. त्यातल्या वरच्या श्रेणीत बाहेर उणे १५ असताना गाडी चार तासांत आतून २० अंशांपर्यंत तापावी लागते आणि पाण्याची व्यवस्थाही चालू राहावी लागते. जर्मनीत यालाच 'विंटरफेस्ट' म्हणतात. त्याखालच्या श्रेणीची चाचणी शून्य अंशाला होते. आमची खालची. म्हणजे स्वच्छ पाण्याची टाकी आत, बाकाखाली, सुरक्षित, पण सांडपाण्याची टाकी गाडीच्या पोटाखाली उघडी लटकलेली. दुहेरी तळाच्या गाड्यांत दोन्ही टाक्या गरम पोकळीत असतात. त्या महाग आणि जड असतात, आणि साडेतीन टनांपर्यंतच्या साध्या लायसन्सवर चालवायच्या तर सामानाला वजन उरत नाही.

पहिलाच मुक्काम एरवाल्डला, त्सुगश्पिट्स शिखराच्या पायथ्याशी. सकाळी हीटर चालू ठेवून आम्ही स्कीला गेलो. चारला परतलो तर गाडी गार, आणि खाली चकाकणारा बर्फाचा काचेसारखा तवा, मागच्या चाकापासून शेजाऱ्याच्या पायरीपर्यंत. शंभर लिटरची टाकी कोरडी.

झालं होतं असं. हीटर गॅसवर चालतो, आणि आधीच्या मालकाने ठेवलेल्या सिलिंडरमध्ये उन्हाळ्यात भरलेलं प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण होतं. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वायुरूपात येतो, पण ब्युटेन शून्याच्या आसपासच द्रव होऊन बसतो. बाहेर उणे नऊ. प्रोपेन संपला, ब्युटेन सिलिंडरच्या तळाशी डुचमळत राहिला, हीटर विझला. आत तीन अंश झाल्यावर बॉयलरजवळच्या फ्रॉस्ट व्हॉल्व्हने आपलं काम चोख केलं: बॉयलर फुटू नये म्हणून उघडला आणि पाणी बाहेर सोडलं. आणि आम्ही पंपाचं बटण चालूच ठेवलं होतं. पंपाला वाटलं कुणीतरी नळ सोडलाय. त्याने इमानेइतबारे अख्खी टाकी उपसून बाहेर टाकली.

गंमत पुढे आहे. हा व्हॉल्व्ह आजूबाजूला सातेक अंश झाल्याशिवाय बंदच होत नाही. नवरा बाकाखाली डोकं घालून, कपाळावर टॉर्च लावून, व्हॉल्व्हचं ते इवलंसं बटण दाबतोय, सोडलं की ते टक् करून वर. पुन्हा दाब, पुन्हा टक्. शेजारचे डच आजोबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी दिल्या: त्यांचा जादा प्रोपेनचा सिलिंडर आणि 'बाहेर जाताना पंप बंद' हे वाक्य. ते वाक्य आता दाराच्या आतल्या बाजूला मराठीत चिकटवलेलं आहे.

गॅसचा हिशेब एकदा लिहूनच टाकते. आमचा हीटर सहा किलोवॅटचा, पूर्ण जोरावर तासाला चांगला अर्धा किलो गॅस खातो. म्हणजे अकरा किलोचा सिलिंडर सतत पेटता ठेवला तर जेमतेम एक दिवस. प्रत्यक्षात हीटर कमी-जास्त होत राहतो. शून्याच्या आसपास आम्हाला एक सिलिंडर चार दिवस गेला, उणे बारात अडीच. संपतो हमखास पहाटे तीनला. म्हणून आपोआप दुसऱ्या सिलिंडरवर जाणारा रेग्युलेटर डिसेंबरातच बसवला. हिवाळ्याच्या सगळ्या खर्चात हाच मला सर्वांत वसूल वाटतो. इटलीत जर्मन सिलिंडर बदलून मिळत नाही, त्यामुळे टोब्लाखला जाताना दोन्ही काठोकाठ हवेत. काही कॅम्पसाइटवर जागेवरच गॅसची पाइपलाइन आणि मीटर असतो. बुकिंग करताना मी आता डोंगर किती जवळ याच्याआधी हेच विचारते. जर्मनीत जून २०२५ पासून गाडीतल्या गॅसव्यवस्थेची दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची झाली आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने त्याचा कागद मागून घ्यावा.

जानेवारीत आई वाईहून आली. तिला थेट लेंगेनफेल्डला नेलं, उंची १,१८० मीटर. आकडा ऐकून म्हणाली, "म्हणजे महाबळेश्वरापेक्षा खालीच की!" मग दार उघडून उणे चौदा अंगावर घेतलं आणि गप्प बसली. संध्याकाळी तिने पिठलं टाकलं, शेजारी कुकर लावला. तीन शिट्ट्यांत समोरचा डोंगर दिसेनासा झाला. काचा, कपाटांची दारं, छताच्या कडा, सगळं पाझरायला लागलं. आई ओढणीने काच पुसतेय आणि म्हणतेय, "अगं, ही तर आपली पावसाळ्यातली न्हाणी झाली." रात्री ते पाणी खिडकीच्या रबरात गोठलं आणि सकाळी खिडकी उघडेना.

खरा फटका दहा दिवसांनी कळला. मागच्या पलंगाची गादी सहज उचलली तर खालची बाजू ओली आणि कोपऱ्यात नाण्याएवढे काळे ठिपके. वरून तीन माणसांची ऊब, खालून थंड फळी, मध्ये दमट हवा अडकलेली. हीटर वाढवून हे जात नाही, हवा बदलावी लागते. घराच्या मालकिणीने शिकवलेलं श्टोसल्युफ्टन, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा छताची खिडकी आणि दार सताड उघडून पाच मिनिटं हवा खेळवायची, ते इथे जिवावर येतं, पण करायचंच. आत बुटांतला बर्फ आणायचा नाही, ओले स्कीचे कपडे कॅम्पसाइटच्या कपडे वाळवायच्या खोलीत. स्वयंपाक करताना छताची झडप उघडी. कुकर मात्र सोडता आला नाही. इतक्या उंचीवर पाणी शहाण्णव अंशांच्या आसपास उकळतं, डाळ मऊ होईपर्यंत निम्मा सिलिंडर जाईल. तोड आईनेच काढली: वाफ धरली की आच अगदी बारीक, शिट्टी होऊच द्यायची नाही, आणि कुकर आपोआप बसू द्यायचा. तळायचं काही असेल तर घरून तळून आणायचं.

ड्रायव्हरच्या भागाचं काय, हे कुणी विचारत नाही, पण गाडीची सगळी ऊब तिथूनच जाते. समोरची मोठी काच एकेरी. आतून लावायच्या चंदेरी चटया आधी घेतल्या, त्यांच्यामागे काचेवर आतूनच बर्फ धरायचा. बाहेरून लावायच्या चटया चांगल्या, काच कोरडी राहते. फक्त सकाळी त्या पापडासारख्या कडक होतात आणि घडी घालताना बोटं बधिर. सीटच्या मागे पडदा म्हणून मी सोलापुरी चादर दुहेरी करून टांगली आहे. विकतच्या पडद्यापेक्षा सरस. गाडीतल्या हवेच्या जाळ्या मात्र काही झालं तरी झाकायच्या नाहीत. गॅसवर चालणाऱ्या घरात त्या जीव वाचवायला असतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आम्ही झोपायच्या जागेजवळ लावला आहे. रात्रभर बर्फ पडला की सकाळी पहिलं काम हीटरचं धुराडं मोकळं करायचं, चहा नंतर.

सांडपाण्याच्या लटकत्या टाकीचा उपाय अगदी गावठी: नळ उघडाच ठेवायचा, खाली बादली. बादलीत रात्रीतून बर्फाची ढेप होते, ती सकाळी उचलून गटाराच्या जाळीवर उपडी करायची. लेकाला हे काम प्रचंड आवडतं. जागेवरचे नळ हिवाळ्यात बहुतेक बंद असतात, म्हणून पाणी झारीने आणायचं, दहा लिटरची एक खेप. विजेची केबल बर्फावर पडू दिली तर गोठून रुतते, मग उपटताना तुटायची भीती. ती आरशाला आणि खांबाला अडकवून अधांतरी ठेवायची. वीज युनिटवर मोजतात, त्यामुळे "छोटासा इलेक्ट्रिक हीटर लावू" हा शहाणपणा बिलात दिसतो.

चालवण्याबद्दल थोडक्यात. ओढ पुढच्या चाकांना, वजन मागे, त्यामुळे चढावर बर्फ लागला की चाकं जागेवरच फिरत राहतात. साखळ्या पुढच्या चाकांना लागतात. त्या घरासमोर कोरड्या फरशीवर दोनदा लावून बघा, आम्ही बघितल्या होत्या म्हणून लेंगेनफेल्डच्या रॅम्पवर वीस मिनिटांत सुटलो. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर लागतातच. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात, नुसती 'एम प्लस एस' (चिखल-बर्फ) खूण असलेले जुने नाही. मुक्कामाला हँडब्रेक ओढायचा नाही, गोठतो. गिअरमध्ये टाकून चाकांना लाकडी पाचर. आणि टायरोलमध्ये 'दिसेल तिथे पार्क करून झोपू' विसरा, कॅम्पसाइटबाहेर तशी रात्र काढायला बंदी आहे.

पैसे वाचले का? गर्दीच्या सुट्टीत तिघांचे वीज धरून रात्रीला सत्तर ते नव्वद युरो पडले, वर गॅस. हॉटेलपेक्षा कमी, पण गाडीचा हप्ता, विमा आणि नवऱ्याचे बाकाखालचे तास धरले तर मी त्याच्यासमोर हा हिशेब मांडत नाही. नुसत्या स्कीच्या दोन-तीन वीकएंडसाठी गाडी घेणाऱ्याला मी सरळ नको म्हणेन. भाड्याने घ्या, तीही जानेवारीत, म्हणजे खरी परीक्षा होईल. आम्ही विकणार मात्र नाही. सकाळी सातला स्कीबसच्या थांब्यावर हॉटेलवाले झोपाळलेले येतात तेव्हा लेक स्कीचे बूट चढवून, पोहे खाऊन, रांगेत पहिला असतो.

परवा टाक्या रिकाम्या केल्या, गादी बाल्कनीत उभी केली आणि तिच्याखाली घालायला हवा खेळती ठेवणारी जाळी मागवली. काळे ठिपके व्हिनेगरने पुसले, दोन गेले, तिसरा अजून आहे. आईचा काल फोन होता, पुढच्या वर्षी येताना ती छोटा, दीड लिटरचा कुकर आणणार आहे.