जळगावात घेतलेली सेकंडहँड ऑफिस खुर्ची: खुर्चीला ५ स्टार, दुकानाला २

वर्क फ्रॉम होममध्ये डायनिंगच्या खुर्चीवर बसून बसून कंबरेची पार वाट लागली होती, म्हणून शेवटी अजिंठा चौफुलीकडच्या एका जुन्या ऑफिस फर्निचरवाल्याकडून स्टीलकेस कंपनीची लीप नावाची खुर्ची आणली. साडेबारा हजारात. दुकानाचं नाव नाही लिहीत, उगाच भांडण नको. आई म्हणे एवढ्यात सागाचा पलंग झाला असता, म्हटलं आई तू सागाचा भाव विचारून ये आधी.

खुर्ची एक नंबर आहे, यात वादच नाही. मागे रेललं की पाठ आपल्यासोबत वाकते, बसायची गादी पुढेमागे सरकते, आणि वजन एवढं की दुसऱ्या मजल्यावर चढवताना मी आणि शेजारचे काका दोघं घामाघूम, त्यात मे महिना, जळगावचा.

चाकं पुसायला उलटी केली तर खाली स्टिकर, ग्रँड रॅपिड्स, मिशिगन. आता हे अमेरिकेतलं कुठलं गाव म्हणून मोबाईल हातात घेतला तो रात्री दीड वाजता ठेवला. ग्रँड नदीच्या काठी १८२६ मध्ये लुई कँपो नावाच्या माणसाने कातड्यांच्या व्यापाराचं ठाणं टाकलं, मग वरच्या जंगलात पाइनची तोड सुरू झाली, ओंडके सरळ नदीत सोडायचे आणि खाली सॉ मिलवाले धरायचे. १८८३ च्या पुरात ते ओंडके एवढे अडकले आणि मग असे सुटले की रेल्वेचे पूलच घेऊन गेले! लाकूड दारात म्हणून सुतार जमले, कारखाने झाले, १८७६ ला फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात तिथलं फर्निचर गाजलं आणि गावाचं नावच फर्निचर सिटी पडलं.

पण मला खरी मजा पुढची वाटली. लाकडाच्या त्याच गावात १९१२ ला लोखंडी फर्निचरची कंपनी निघाली, तीच आजची स्टीलकेस, आणि १९१४ ला तिला पहिलं पेटंट मिळालं ते कशाचं, तर पत्र्याच्या कचरापेटीचं. ऑफिसात लोक सिगारेटी ओढायचे आणि वेताच्या टोपल्या पेट घ्यायच्या म्हणून. आपल्याकडे नाही का, केळी-कापसाच्या जळगावात आता पाइप अन् प्लास्टिकच्या चटया बनतात, तसंच.

असो, दुकानाकडे येतो. तिसऱ्याच दिवशी खुर्ची बसल्या बसल्या हळूहळू खाली जायला लागली, मीटिंगमध्ये सुरुवातीला माझा चेहरा मधोमध आणि शेवटी नुसतं कपाळ. फोन केला तर म्हणे "भाऊ, तुम्ही जास्त हललात". अरे खुर्चीच हलायची आहे ना! सीट वर-खाली करणारा गॅसचा दांडा बाहेरचा स्वस्तातला टाकलेला होता, घेताना मात्र "सगळं ओरिजनल" म्हणाला होता. चार चकरा मारल्या, पाचव्या वेळी काकांना सोबत नेलं तेव्हा दांडा बदलून दिला, पैसे नाही घेतले हे मान्य, पण चहासुद्धा विचारला नाही.

घ्यायची असेल तर दुकानातच दहा मिनिटं बसून राहा, भिंतीवर पेन्सिलने सीटची खूण करा आणि खाली जाते का बघा. डाव्या हाताचं पॅड फाटलंय, ते मी बिल दिल्यावर पाहिलं. सध्या त्यावर आईने जुन्या लुगड्याचा तुकडा शिवलाय आणि दुपारी खुर्चीवर तीच बसते.