श्रीनगर ते लेह: विमान की रस्ता?

नकाशावर सरळ रेघ मारली तर श्रीनगर ते लेह अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर. विमान हे पाऊण तासात कापतं. रस्त्याने मात्र तेच सव्वाचारशेच्या आसपास जातं आणि कारगिलला मुक्काम धरून दोन दिवस लागतात.

तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याला मी रस्ताच सुचवेन. विमान तुम्हाला थेट सुमारे ३,२५० मीटरवर उतरवतं. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. बॅग उचलून दोन पायऱ्या चढलात तरी धाप लागते. पहिले दोन दिवस खोलीत पडून राहावं लागतं, म्हणजे वाचवलेला वेळ तिथेच गेला! रस्त्याने जोजीला खिंड ओलांडून कारगिलला सुमारे २,७०० मीटरवर झोपायचं, दुसऱ्या दिवशी फोतूला ही खिंड चढायची. हवा विरळ होत जाते, तसं बंद वेफर्सचं पाकीट फुग्यासारखं टम्म फुगतं. लेहला पोचूनही एक दिवस आरामाचा ठेवाच.

हिवाळ्यात प्रश्न वेगळा. जोजीला बर्फाने बंद पडला की विमानच. तिकीट बहुतेक सकाळचंच मिळतं, दुपारी लेहला वारा फार सुटतो.